बहिऱ्यांच्या शनिवारची वुका

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. एकवीस वर्षं चित्रांच्या दालनात खुर्ची टाकून बसलेय आणि दिवसातून शंभरदा "हात लावू नका" एवढंच म्हणतेय. अशानं कुणाची जीभ गोड राहील? माझं नाव राडोयका असलं तरी पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण वुकाबद्दल सांगताना मी तिखटमीठ लावणार नाही. त्या बाईनं सगळा जन्म दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवण्यात घालवला आणि नेमकी नको त्या दिवशी घसरली.

वुकोसावा तिचं पूर्ण नाव. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी आमच्या संग्रहालयात बहिऱ्यांची फेरी असते. नदीकडे जाताना त्यांचा क्लब लागतो, तिथून तीसेक जण येतात. आमचा गाइड मिलुतिन चित्रांची माहिती तोंडानं सांगतो, वुका ती हातांनी सांगते. अंगात कायम काळं, बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. बघणाऱ्याची नजर हातांवरून हलता कामा नये. खिडकीला पाठ करून ती कधी उभी राहायची नाही, कारण उजेड मागून आला की हात दिसत नाहीत.

बहिरे म्हणजे चिडीचूप कारभार असं तुम्हाला वाटत असेल तर एका शनिवारी माझ्या खुर्चीत येऊन बसा. एकमेकांना हाक मारायची म्हणून लाकडी जमिनीवर बूट आपटतात. सगळ्यांना इकडे बघायला लावायचं असेल तर दालनाचे दिवे फटाफट लावतात-घालवतात. पहिल्या वर्षी मी त्यावरून केवढी उखडले! "अहो, हे दालन आहे की नाचघर? बटणाला हात लावाल तर याद राखा!" वुकानं ते माझं बोलणं तसंच्या तसं, माझ्या कमरेवरच्या हातासकट, त्यांना करून दाखवलं. सगळे खो खो हसले. सावा नावाचा म्हातारा शिंपी आहे त्यांच्यात, तो तर डोळे पुसत माझ्याकडे आला आणि वाकून नमस्कार करून गेला.

"तू कशाला सांगितलंस गं त्यांना?" मी वुकाला फेरी संपल्यावर विचारलं.

"त्यांच्यासमोर बोललीस ना? मग ते त्यांचं झालं," ती म्हणाली. "दालनात जे ऐकू येतं ते सगळं हातात यायला हवं. शिंक आली तरी."

तेव्हापासून आमचं जमलं.

दिसायला सोपं वाटतं, पण त्या कामानं तिच्या नाकी नऊ यायचे. माणसाला डोळे एकाच ठिकाणी लावता येतात. त्यांनी चित्र बघायचं की वुकाचे हात? मिलुतिन म्हणतो, "डाव्या कोपऱ्यात बघा," आणि बोलतच सुटतो. तीस माणसं डावा कोपरा बघून परत येईपर्यंत याची सहा वाक्यं होऊन गेलेली. ती सहा वाक्यं वुका डोक्यात धरून उभी. डोळे परत आले की हात सुरू, आणि कानांनी सातवं ऐकणं चालूच. "बाबा रे, आधी सांग, मग बघू दे, आणि तेवढा वेळ गप्प बस," असं तिनं त्याला एकोणीस वर्षं सांगितलं. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नाही. असं दीड तास, आणि एकटीनं. खरं तर या कामाला दोघं लागतात, वीस-वीस मिनिटांनी आलटूनपालटून. आमच्याकडे वुका आणि वुकाच.

तिचे आईवडील दोघंही बहिरे. वडील बुटांच्या कारखान्यात, आई शिवणकाम करायची. युगोस्लाविया होता तेव्हाची गोष्ट. पाच वर्षांची असल्यापासून वुका पोस्टात, नगरपालिकेत, कोळशाच्या वखारीत आईवडिलांच्या पुढे उभी. पोस्टातल्या बाईनं तर खिडकीशी तिच्यासाठी एक खोकं ठेवलं होतं, चढून बोलायला. शाळेत पालकसभेला तिच्या बाईंनी तिचीच तक्रार केली, तीही हिनंच आईला सांगायची.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, मुलगी फार हुशार आहे, फक्त जरा जास्त बोलते."

हे सांगताना ती हसायची. पुढचं तिनं मला एकदाच सांगितलं आणि तेव्हा ती हसली नाही. बारा वर्षांची होती. वडिलांच्या फुप्फुसात काहीतरी निघालं. डॉक्टरनं इस्पितळाच्या व्हरांड्यात पोरीला उभी केली आणि म्हणाला, आईला सांग, तीन-चार आठवडे, त्यापुढे नाही. वुकानं आईकडे बघितलं. आई वडिलांची टोपी हातात धरून उभी होती. वुकानं हातांनी सांगितलं, वसंतापर्यंत बरे होतील. आईनं डॉक्टरचे दोन्ही हात धरून आभार मानले. डॉक्टरला वाटलं, काय धीराची बाई आहे!

तेवीस दिवसांनी वडील गेले. ते तेवीस दिवस आई सकाळ-संध्याकाळ मशीनवर होती, जादा काम घेऊन, कारण वसंतात त्यांना समुद्रावर न्यायचं होतं. पुढे कुणीतरी तिला खरं सांगितलं.

"मारलं नाही गं तिनं," वुका म्हणाली. "नुसतं विचारलं, माझे तेवीस दिवस तू कुणाला विचारून घेतलेस?"

पोरीवर असलं ओझं टाकून पुढच्या खाटेकडे निघून जाणाऱ्या त्या डॉक्टरचा मला आजही संताप येतो. वुकानं मात्र त्या दिवसापासून कानाला खडा लावला. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही, गोड नाही, कडू नाही. पुढे कोर्टात, दवाखान्यात, लग्नात, मयतीत, कुठंही बोलवा, वुका तशीच. बहिऱ्या माणसानं हातांनी "मला भूक लागली" म्हटलं तर दुभाष्यानं "त्याला भूक लागली" म्हणायचं नसतं. "मला भूक लागली" असंच म्हणायचं. त्यामुळं फेरीच्या दीड तासात वुकाच्या तोंडी सतत "मी" असायचा आणि त्यातला एकही तिचा नसायचा. आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली होती. ती "मी" म्हणाली की आम्ही समोरच्या बहिऱ्याकडे बघायचो.

गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. एकसष्ट वय. केस विंचरता येईनात, कोट मी घालून द्यायचे. डॉक्टरनं बजावलं, थांबा, नाहीतर हात कायमचा खाली राहील.

"मग थांब की! कुणी बांधून ठेवलंय?" मी ओरडले.

"माझ्याबरोबर शनिवारही थांबेल, राडोयका. दुसरं कुणी यायला तयार नाही. बघ शोधून."

खरं होतं ते. मी शोधलं. एवढ्याशा मोबदल्यात दीड तास एकट्यानं राबायला कोण येणार?

मग वुकानं दुन्याला पुढे केलं. दुन्या क्लबातली, तिशीची, जन्मापासून बहिरी, वुकाला मावशी म्हणणारी. चित्रकला शिकलेली पोरगी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरत होती. वुका तिचा अर्ज घेऊन संचालकांकडे गेली: फेरी दुन्यालाच घेऊ द्या, बहिऱ्यांना बहिरी बाई हातांनी सांगेल, मध्ये दुभाषी हवी कशाला?

आमचे संचालक व्लाश्कालिच साहेब. माणूस वाईट नाही, पण स्वतःचा आवाज त्यांना फार आवडतो. ते म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. पण ती त्यांना काय सांगतेय, हे आम्हाला कळणार कसं?"

मी दारात पाण्याची सुरई घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. "मिलुतिन काय सांगतो ते तरी तुम्हाला कुठं कळतं, साहेब? तुम्ही कधी आलात फेरीला?"

शेवटी ठरलं असं. एक फेरी परीक्षा म्हणून घ्यायची. साहेब आणि संग्रहालयाच्या समितीतले दोघं जण मागून चालतील. दुन्या हातांनी सांगेल, वुका ते तोंडानं या तिघांना सांगेल. पसंत पडलं तर दुन्याला काम, नाही तर "बघू". आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही जाणतं.

नोव्हेंबरातला शनिवार होता. बाहेर कोशावाचा गार वारा सुटलेला, खिडक्यांची तावदानं सारखी थडथडत होती. वुका आली ती पांढरीफटक. दोन गोळ्या घेतल्या म्हणाली. मी तिला खायला चीज भरलेला बुरेक पुढे केला तर तिनं कोपरा मोडला आणि हातातच ठेवला. दुन्या मात्र काळा शर्ट घालून, केस करकचून बांधून, कुस्तीला उतरल्यासारखी ताठ उभी.

आणि काय सांगू, पोरीनं सुरुवातच अशी केली! आधी चित्राबद्दल सांगितलं, मग बाजूला झाली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि थांबली. तीस माणसं चित्र बघत राहिली. एक मिनिट गेलं, दीड गेलं. तावदानांखेरीज कशाचा आवाज नाही. एकोणीस वर्षांत त्या माणसांना पहिल्यांदाच निवांतपणे चित्र बघायला मिळत होतं.

साहेबांची चुळबूळ सुरू झाली. "काही बिघडलंय का?"

वुकानं ते हातांनी दुन्याला सांगितलं. दुन्यानं उत्तर दिलं, आणि वुका तोंडानं म्हणाली, "नाही. ते बघतायत."

तीन दालनं अशी छान पार पडली. मग मंडळी माझ्या दालनात आली, "मुकी मुलगी"समोर. नव्वद वर्षांपूर्वीचं चित्र, आमच्या संग्रहालयाची शान. भिंतीशी एक मुलगी उभी, डोळे थेट बघणाऱ्याकडे, उजवा हात छातीशी. या चित्रावर साहेबांनी अख्खी पुस्तिका लिहिलीय, आणि खालची पाटीही त्यांचीच: हृदयावर ठेवलेला हात, मुकेपणाची आर्त प्रार्थना. मिलुतिन इथं आला की आवाज खाली आणायचा.

दुन्या चित्राशी गेली. तिनं पाटीकडे बोट केलं, मग मुलीच्या हाताकडे, मग आपला हात तसाच छातीशी धरून दाखवला आणि भराभर काहीतरी सांगितलं. मला हात वाचता येत नाहीत. मी फक्त पाहिलं की म्हातारा सावा पहिल्यांदा हसला, पोट धरून, आणि मग सगळं दालन हसायला लागलं. जमीन हादरत होती.

वुकाचा आवाज आला, जरासा उशिरा. "या चित्राबद्दल पाटीवर फार सुंदर लिहिलं आहे. हातात प्रार्थना आहे. आणि मला तिथं थोडा थकवाही दिसतो."

साहेबांनी मान डोलावली. "वा! थकवा. फार सूक्ष्म निरीक्षण." समितीतल्या दोघांनीही माना डोलावल्या.

दुन्या थबकली. तिनं हसून हसून डोळे पुसणाऱ्या तीस माणसांकडे बघितलं, मग गंभीरपणे मान डोलावणाऱ्या तिघांकडे, आणि मग वुकाकडे. तिनं बूट असा आपटला की माझी खुर्ची हलली. तिचे हात सुरू झाले आणि वुकाला ते तोंडानं म्हणावं लागलं.

"मी म्हटलं, ही पाटी चूक आहे. आणि साहेब मान डोलावतायत. म्हणजे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. वुका मावशी, तू त्यांना काय सांगितलंस?"

स्वतःचं नावसुद्धा वुकानं स्वतःच्याच तोंडानं घेतलं. मग तिनं हातांनी उत्तर दिलं आणि रीतीप्रमाणे तेही मोठ्यानं सांगितलं. "गोड करून सांगितलं. तुझं काम जाऊ नये म्हणून."

दुन्याचा चेहरा लालबुंद झाला. आता गेलं सगळं, असंच मला वाटलं.

"जायचं तर माझ्या बोलण्यानं जाऊ दे," वुकाच्या तोंडून दुन्या म्हणाली. "तुझ्या बोलण्यानं मिळालेलं काम मी काय करू? प्रत्येक शनिवारी मला वाटत राहील, ते तुझंच आहे. आता मी म्हटलं होतं तसंच सांग. आणि आधी त्यांना हे सांग, या बाईनं माझे शब्द बदलले."

वुका साहेबांकडे वळली. आवाज अजिबात कापला नाही तिचा. "या बाईनं माझे शब्द बदलले," ती म्हणाली. "मी असं म्हटलं होतं. पाटी चूक आहे. हात हृदयावर नाही, हृदयासमोर आहे. अंगठा बाहेर, तळवा आडवा. ही आमच्या जुन्या शाळेतली खूण आहे, म्हाताऱ्यांना अजून येते. मुलगी म्हणतेय, पुरे झालं, अजून किती वेळ उभी करणार? चित्रकाराला वाटलं ती प्रार्थना करतेय. पाटी लिहिणाऱ्यालाही तसंच वाटलं. नव्वद वर्षांत कुणी एकाही बहिऱ्याला विचारलं नाही."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या. ते चित्राजवळ गेले, चष्मा काढला, परत लावला. "विचारा तिला," ते वुकाला म्हणाले, "तिची खात्री आहे का?"

वुकानं उजवा हात उचलला. तो कमरेपर्यंत आला आणि तिथंच अडला. तिनं परत उचलून पाहिला. मग तो खाली सोडून दिला.

"मी दमलेय," ती म्हणाली.

साहेब दुन्याकडे बघून म्हणाले, "दमली असेल तर थांबू या ना पाच मिनिटं. दुन्यासाठी कुणीतरी खुर्ची आणा."

"दुन्या नाही, साहेब. मी."

"मी म्हणजे?"

"मी. वुकोसावा."

मग मी उठले, माझी खुर्ची ओढत नेली आणि तिच्यामागे ठेवली. नियमाप्रमाणे त्या खुर्चीत माझ्याशिवाय कुणी बसायचं नसतं. ती बसली. खांदा धरून नुसती बसली, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी समितीतल्या एका माणसाला उगाचच "चित्रापासून लांब उभे राहा" म्हणून खेकसले.

साहेब अजून उत्तराची वाट बघत होते. आता मध्ये आवाज नव्हता. तेव्हा सावा पुढे आला, कोटाचं माप घेताना शिंपी धरतो तसा त्यानं साहेबांचा उजवा हात धरला, छातीसमोर आणला, अंगठा बाहेर काढला, तळवा आडवा केला. मग मागे सरकून बघितलं आणि बोटं जरा सरळ केली. साहेब तसेच हात धरून मुलीसमोर उभे. मुलीचा हात आणि साहेबांचा हात एकसारखा. बराच वेळ बघत होते ते. दुन्यानं भिंतीशी जाऊन दिवे फटाफट लावले-घालवले, आणि सगळी मंडळी पुढच्या दालनात गेली. थोड्या वेळानं साहेबही त्यांच्या मागोमाग गेले. काय चाललंय ते शब्दानंही कळत नसताना ते शेवटच्या चित्रापर्यंत मागे उभे होते, असं त्या दिवशी नुसता मागून फिरणाऱ्या मिलुतिननं मला नंतर सांगितलं.

दुन्याला काम मिळालं, हे सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिथंच अडकून राहील. सोमवारी साहेबांनी कागदावर सही केली. पाटी अजून तीच आहे. पाटीचं "बघू" म्हणालेत.

पण त्या वेळी त्या दालनात आम्ही दोघीच उरलो. मी भिंतीला टेकून उभी, ती खुर्चीत.

"काय गं, तुला माहीत होतं का ते? हाताचं?" मी विचारलं.

"पहिल्याच शनिवारी दिसलं."

"आणि एकोणीस वर्षं ती प्रार्थना-प्रार्थना हातांनी सांगत बसलीस?"

"मिलुतिन तसं म्हणायचा."

"अगं, पण तुला स्वतःला..."

"मला कुणी विचारलं नाही, राडोयका."

तिनं एक बूट काढला, मग दुसरा. पाय सुजले होते. पलीकडच्या दालनात दुन्यानं पुन्हा काहीतरी सांगितलं असावं, कारण तिकडे मोठा हशा उठला आणि जमीन हलली. वुकाचे हात सवयीनं मांडीवरून उचलले गेले. तिनं ते हवेत तसेच पाहिले आणि परत खाली ठेवले.